यंत्राची पाठ

बाकू, १४ एप्रिल १९८६

प्रिय मुकद्दस,

सलाम, तब्येत, गुरंढोरं, शेजारीपाजारी हे सगळं शेवटी विचारते. ते आधी विचारायला घेतलं की आपल्या दोघींचं अर्धं पत्र त्यातच संपतं.

बातमी अशी की कारखान्याच्या रांगेत माझा नंबर लागला. आम्ही इथे रोज थंड हवेचे कंडिशनर बनवतो, पण एक घरी न्यायचा म्हटलं तर कामगारालाही वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं. रसीम नवऱ्याच्या थाटात म्हणाला, आपल्याच घरी लावू. मी म्हटलं, तुझ्या घरात समुद्राचा वारा येतो, खिडकी उघड आणि गप्प बस. आईला मी हिवाळ्यातच विचारलं होतं. तिचं उत्तर तूच लिहून पाठवलंस, तुला आठवत असेल. "माझ्या डोक्यावर द्राक्षाचा मांडव आहे, मला कशाला हवी पेटी? एशमुरोदला दे. त्याच्या छातीला उन्हाळा सोसत नाही."

तेव्हा यंत्र तुझ्या वडिलांसाठी निघालंय. जहाजाने समुद्र ओलांडेल, पुढे रेल्वेने तिरमिझला येईल. एशमुरोद अमाकींना सांग, नाही म्हणायचं नाही; ते माझे नुसते शेजारचे काका नाहीत. माझे वडील गेले तेव्हा मला बोट धरून शाळेत कोणी नेलं? माझ्या लग्नात वडिलांच्या जागी कोण उभं होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त कोण रडलं होतं? ह्याच्यापुढे एक लोखंडी पेटी म्हणजे काहीच नाही.

आता नीट वाच, नाहीतर तुमच्याकडचा मिस्त्री उलटं बसवेल. यंत्राचं तोंड खोलीत, पाठ बाहेर. तोंडातून गार हवा येते, पाठीतून गरम. पाठ उन्हात तापली तर यंत्र दमतं, म्हणून ती सावलीत ठेवा. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

आईला माझ्या वतीने दोन्ही गालांवर मुके दे. ती तोंड पुसून टाकेल, तरी दे.

तुझी झुमरद

•

तिरमिझ, २० मे १९८६

प्रिय झुमरद,

तुझी पेटी आली. आली म्हणजे वरात निघाली असंच समज. स्टेशनपासून गाढवगाडीवरून आणली, मागे सगळी गल्ली. पोरांनी विचारलं आत काय आहे, तर बाबा म्हणाले, "सायबेरिया आहे. हात लावाल तर बोटं गळून पडतील."

मग प्रश्न आला बसवायचं कुठे. तू लिहिलंस पाठ सावलीत हवी. आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर दिवसभर ऊन, अंगणाकडे तर चूल. मिस्त्री डोकं खाजवत उभा होता. तेवढ्यात बाबांच्या खोलीच्या मागच्या भिंतीतल्या झरोक्यातून तुझ्या आईचा आवाज आला. "मुकद्दस, तो मिस्त्री तिकडे कशाला वेळ घालवतोय? सावली माझ्याकडे आहे. ह्याच झरोक्यात बसवा की."

आणि खरंच, मोजून पाहिलं तर तो झरोका जणू त्या पेटीसाठीच ठेवला होता. दोन विटा काढाव्या लागल्या, बस. आपण दोघी लहान असताना तू त्यातून डोकं घालून अडकली होतीस, आठवतं? त्यातच आता तुझं यंत्र आहे. तोंड बाबांच्या पलंगाकडे, पाठ तुमच्या मांडवाखाली, तुझ्या आईच्या, आमच्या बिबिसोरा खोलाच्या, मोठ्या पलंगापासून हातभर वर.

मी खोलाला म्हटलं, "ताटं कुठून द्यायची मग? बोलायचं कुठून?" तर म्हणाली, "पाय आहेत मला. रस्त्याने फिरून येईन. इतकी वर्षं भोकातून तुझं नाक तेवढं दिसत होतं, आता अख्खी दिसशील."

चालू केलं तेव्हा बाबांनी आधी तोंडासमोर हात धरून पाहिला. मग पांघरूण मागितलं. मे महिन्यात, झुमरद. तोंडावर पांघरूण ओढून घेतलं आणि आत रडले. मला दिसू नये म्हणून म्हणाले, सर्दी झाली.

तुझ्या आईने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. "मुली, तुझ्या हातचं यंत्र मी रोज बघते. तुझ्या अमाकीला त्याचं तोंड मिळालं, मला पाठ मिळाली. पाठीवरच कारखान्याचा शिक्का आहे, तो मी फडक्याने पुसते. झोपताना घुरघुरतं, अगदी तुझ्यासारखं."

तुझी मुकद्दस

•

बाकू, ८ जून १९८६

प्रिय मुकद्दस,

पत्र वाचून मी जेवणाच्या सुट्टीत एवढी हसले की बाजूच्या बाया विचारायला लागल्या. मी घुरघुरत नाही. रसीमला विचारू नकोस.

झरोका छान सुचला आईला. तिचं डोकं नेहमीच चालतं. पाठीतून जरा ऊब येईल, तर सांग तिला, हिवाळ्यात तिथे बसून गुडघे शेक. आम्ही इथे तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर तेच करतो, थंडीत सगळ्या बाया यंत्रांच्या मागच्या बाजूला गर्दी करतात. माझं काम तुला ठाऊक आहे ना? यंत्र तयार झालं की चालू करायचं आणि तोंडासमोर तळहात धरायचा. गार लागलं की पास. दिवसभर एवढंच. संध्याकाळी माझा उजवा हात मेलेल्या माणसासारखा गार असतो आणि डावा माझा स्वतःचा.

आमच्याकडे एक नवीन इंजिनियर आलाय, चष्मेवाला, लग्न न झालेला, त्यामुळे सतत काहीतरी वाचत असतो. तो म्हणतो, यंत्रात भरतो त्या वायूने वर आभाळाला भोक पडतंय. आणि म्हणतो, उष्णता काही नाहीशी होत नाही, तुम्ही फक्त ती ह्या खोलीतून त्या खोलीत ढकलता, वर यंत्राची स्वतःची घालून. आमच्या फोरमनबाई म्हणाल्या, "आधी तुझ्या बुटाला पडलेलं भोक बघ." बिचारा गेला निघून.

तिकडे ऊन सुरू झालं असेल. सप्टेंबरात माझी सुट्टी आहे, द्राक्षं पिकली की येते. मांडवाखाली झोपेन आणि दहापर्यंत उठणार नाही.

तुझी झुमरद

•

तिरमिझ, २९ जून १९८६

प्रिय झुमरद,

यंदाचं ऊन विचारू नकोस. अफगाण वारा सुटला की नळाचं पाणीसुद्धा पोळतं.

बाबा मात्र सुधारले. पायांची सूज उतरली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या हाच खरा इलाज, खोली बंद ठेवा, गार ठेवा. म्हणून मी दाराला गोधडी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या. आत बसलं की बाहेर जग आहे की नाही कळत नाही. दुपारी गल्लीतल्या अर्ध्या बाया "अमाकींची तब्येत कशी आहे" म्हणत येतात आणि चहाच्या तीन किटल्या संपेपर्यंत उठत नाहीत. बाबा म्हणतात, "मी मरायला टेकलो होतो तेव्हा कोणी फिरकलं नाही. आता बरा झालोय तर रांग लागलीय."

आणि बसून गेल्या की नवऱ्यांच्या मागे लागतात. समोरच्या गोयीबांनी कुठून तरी एक मिळवला, कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुसरा. सगळ्यांच्या पाठी गल्लीकडे. आता संध्याकाळी गल्लीतून चालताना एकेका घरासमोर तोंडावर फुंकर येते, तंदूर उघडल्यासारखी. दिवे तर असे मंद होतात की मला शाळेतल्या मुलांच्या वह्या खिडकीशी नेऊन तपासाव्या लागतात. पूर्वी ऊन उतरलं की सगळ्या बाया बादल्या घेऊन दारापुढे पाणी मारायच्या, माती थंड व्हायची, मग बाकांवर गप्पा. यंदा कोणी बाहेर बसत नाही, मग पाणी कशाला मारतील?

एक गंमत सांगते. परवा संध्याकाळी मला वाटलं, यंत्र दमलं असेल, आणि तुझ्या आईलाही जरा बरं वाटेल, म्हणून मी ते बंद केलं. दोन मिनिटं झाली नसतील, तर मागच्या बाजूने धाड धाड. खोला काठीने यंत्राची पाठ बडवत होती. "मुकद्दस, एशमुरोदला काय झालं? आवाज का थांबला?" मी ओरडून सांगितलं की काही नाही, मीच बंद केलंय. तर म्हणाली, "चालू कर आधी. ते घुरघुरतंय तोवर तुझा बाप जिवंत आहे एवढं मला कळतं. थांबलं की माझ्या काळजात धस्स होतं."

म्हणून आता बंद करत नाही.

खोला पूर्वीसारखी वरचेवर येत नाही, रस्त्याने फिरून यायचं म्हणजे ऊन लागतं. गुरुवारी मात्र चुकत नाही. गेलेल्यांसाठी तेलाचा वास काढायचा, चलपकच्या पातळ पोळ्या तळायच्या, पहिलं ताट आमच्याकडे. तुझे वडील तिच्या चलपकच्या वासाने कबरीतून उठून बसत असतील असं बाबा म्हणतात.

मांडवाची आमच्या बाजूची पानं जरा करपल्यासारखी दिसली मला. खोला म्हणते पाणी कमी पडलं. ती तुझ्यासाठी एक पुडकं देते आहे, सोबत पाठवते.

तुझी मुकद्दस

•

बाकू, १५ जुलै १९८६

प्रिय मुकद्दस,

मनुका. जुलैमध्ये. पुडकं उघडलं आणि मी तिथेच पोस्टात उभी राहून खाल्ल्या. आपल्या वेलीची द्राक्षं सप्टेंबराआधी कधी पिकली होती? ह्या वर्षी आधीच पिकून, वाळून तयार. चव जरा आंबट आहे, पण घाईत पिकलं की तसं होतंच. मी सगळ्या पट्ट्यावरच्या बायांना दोन दोन वाटल्या आणि बढाई मारली की आमच्या तिरमिझचं ऊन बघा. आता उरलेल्या डब्यात ठेवल्यात, पुरवून पुरवून खाते.

आईला सांग, मनुका पोचल्या, मुलगी खूष.

एक गोष्ट मात्र. इथे रेडिओवर तुमच्याकडचं तापमान सांगतात आणि पुढे म्हणतात सावलीत. मला झोप लागत नाही ते ऐकून. आई दुपारची तरी अमाकींच्या खोलीत येऊन पडत जाईल असं कर ना. तिला म्हण, मीच तर पाठवलंय ते यंत्र, त्याच्या तोंडासमोर बसायचा हक्क तिचा पहिला. ती पाठीकडे बसून काय करते?

तुझी झुमरद

•

तिरमिझ, १९ जुलै १९८६

प्रिय झुमरद,

तुझं पत्र आजच आलं. एवढ्या लवकर कधी येत नाही.

मी लगेच जाऊन खोलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परक्या पुरुषाच्या खोलीत आडवी होऊ मी? ह्या वयात? उद्या गल्ली काय म्हणेल?" मी म्हटलं, बाबा परके कुठे, लहानपणापासून भिंतीला भिंत. तर म्हणाली, "भिंत होती म्हणूनच तर." मी म्हटलं, मग माझ्या खोलीत ये. ती म्हणाली तुझ्या खोलीत माझ्या मांडवाखालच्यापेक्षा जास्त उकडतं. हे खरं होतं. मागच्या वर्षीपर्यंत खरं होतं.

मनुकांबद्दल तिने मला काही लिहू नको म्हणून सांगितलंय, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीय, म्हणून लिहीत नाही. एवढंच लिहिते की त्या पिकून वाळल्या नव्हत्या. पुढचं तू यंत्रं बनवतेस, तुला कळेल.

मी ठरवलंय, यंत्र तिथून काढायचं आणि रस्त्याकडच्या भिंतीत बसवायचं. उन्हात दमलं तर दमू दे. मिस्त्रीकडे तीनदा जाऊन आले. तो सापडतच नाही. गल्लीत सगळीकडे यंत्रांसाठी भिंती फोडायचं काम तोच करतोय. रविवारी येतो म्हणाला होता, आता पुढच्या रविवारचं म्हणतो. माझ्याच्याने ते उचलणार नाही, आणि बाबांना हात लावू देता येत नाही.

खोला ठीक आहे. जरा कमी बोलते.

मुकद्दस

•

तार, तिरमिझ, २५ जुलै १९८६

तुझी आई वारली. आजच माती. तू ये. मुकद्दस

•

तिरमिझ, १२ सप्टेंबर १९८६

प्रिय झुमरद,

तू इथे होतीस तेव्हा आपण दोघी बोललो नाही. आले-गेले होते, चहा होता, भाकरी होत्या, रडणाऱ्या बाया होत्या. तू रडली नाहीस आणि मीही नाही. स्टेशनवर तू म्हणालीस, "लिही," म्हणून लिहिते. कसं झालं ते तू विचारलं नाहीस, पण तुला ते माहीत असायला हवं.

गुरुवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज गुरुवार ना? बिबिसोराचं ताट आलं नाही." मी म्हटलं, ऊन उतरलं की येईल, फिरून यावं लागतं तिला. पूर्वी झरोक्यातून आधी तेलाचा वास यायचा, मग ताट यायचं. वास आला नसता तर आपण हाक मारली असती. त्या दिवशी वास आला होता की नाही हे मला सांगता येत नाही. आमच्या खोलीत कसलाच वास येत नव्हता. मग अंधार पडला. मला वाटलं तळायला कंटाळली असेल, सकाळी जाऊन येऊ. बाबांना तसंच सांगितलं.

सकाळी गेले. कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवली होती, कढई चुलीवर, तेल ओतलेलं, चूल पेटवलेली नव्हती. पलंग तिने केव्हाचा ओढून पार दुसऱ्या टोकाला नेला होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण ती पलंगावर नव्हती. यंत्राखाली भिंतीला टेकून बसली होती. तिथे उभं राहवत नाही, इतकं गरम. वर मांडवाला एक पान नव्हतं, नुसत्या काड्या, आणि काड्यांना काळे मणी लटकत होते. तेच तिने तुला पाठवले होते.

काठी तिच्या हातात होती. यंत्राच्या पाठीवर नवे पोचे होते. ती किती वेळ बडवत होती ठाऊक नाही. जूनमध्ये त्या संध्याकाळी मी यंत्र बंद केलं होतं म्हणून आम्हाला ऐकू आलं. ते चालू असताना ऐकू येत नाही. नंतर मी स्वतः जाऊन काठी आपटून पाहिली, बाबांना आत बसवून. ऐकू येत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाने गेली. तसंच लिहिलंय.

बाबांनी त्या दिवसापासून यंत्र बंद ठेवलंय. तिचं एक ताट अजून आमच्याकडे आहे, त्याच्या आधीच्या गुरुवारचं. रिकामं द्यायचं नाही म्हणून काहीतरी गोड करून द्यायचं मनात होतं. ते फडताळात आहे.

मला तुला काय वाटतं ते विचारायचं नाही. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, वरचेवर झाडून घेते.

मुकद्दस

•

बाकू, ३० ऑक्टोबर १९८६

मुकद्दस,

पत्र मिळालं. वाचलं. उत्तराला उशीर झाला.

मी कामावर जाते. तळहात धरते, गार लागलं की पास. रसीम म्हणतो रड, बरं वाटेल. मी प्रयत्न केला. माझं तोंड तसं होत नाही.

एक सांगते. तुला वाटत असेल तू ते तिथे बसवलंस. पाठ सावलीत ठेवा असं मी लिहिलं होतं. तुमच्या भागात उन्हाळ्यात सावली कुठे असते? जिथे माणूस बसलेलं असतं तिथेच. हे मला कळायला हवं होतं, मी तिथेच वाढले. यंत्र दमेल ह्याची मला काळजी होती.

पट्ट्यावर यंत्रांच्या पाठींना मोठे नळ जोडलेले असतात, ते छतातून बाहेर जातात. गेली सात वर्षं मी रोज ते बघतेय. परवा मी जिन्याने वर गेले, कधी गेले नव्हते. छतावर नळांची तोंडं आहेत, रांगेने. कबुतरं सगळी दुसऱ्या टोकाला बसली होती. मी तिथे उभी राहिले. उभं राहवेना तेव्हा खाली आले.

तो चष्मेवाला इंजिनियर मला विचारत होता, तुमच्या गावी कोणी गेलं का. मी म्हटलं हो. तो म्हणाला, कशाने. मी म्हटलं, उन्हाने.

मनुकांचा डबा फडताळात आहे. बायांना वाटल्या त्या वाटल्या. उरलेल्या खात नाही आणि टाकतही नाही.

झुमरद

•

तिरमिझ, २७ एप्रिल १९८७

झुमरद,

वसंत आला आणि गेलाही. एप्रिलमध्येच असं तापलंय की शाळेत मुलं बाकांवर झोपतात.

गल्लीतली शेवटची तुतीची झाडं तोडली, तारांना अडथळा होत होता. नवा विजेचा खांब आला, जुना जळला होता. आता एक कुंभारांचं घर आणि आमचं सोडलं तर सगळ्यांकडे यंत्रं आहेत. म्हणजे आमच्याकडेही आहे, पण बंद. ज्यांना नको होतं त्यांनीही घेतलं, कारण शेजाऱ्याच्या यंत्राच्या पाठीपुढे दार उघडं ठेवून झोपता येत नाही. मैना यंदा आल्या नाहीत. आल्या असत्या तर बसल्या कुठे असत्या?

मिस्त्री शेवटी आला, हिवाळ्यात. म्हणाला, काढायचं होतं ना? बाबांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

बाबांचे पाय पुन्हा सुजलेत. जिन्याची पहिली पायरीही आता होत नाही. डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणाल्या जुलै निघणार नाही असं ठेवलंत तर. मी हात जोडले, पण ते ऐकत नाहीत. म्हणतात, "तिच्या डोक्यावर हवा सोडून मी जगलो एक उन्हाळा. पुरे झालं." भिंतीकडे तोंड करून झोपतात.

तुमचा वेल मुळापासून गेला असं माळी म्हणाला. मी तरी पाणी घालते. सवय आहे.

तूच सांग काय करू. माझं ते ऐकणार नाहीत.

मुकद्दस

•

बाकू, १६ मे १९८७

मुकद्दस,

हे अमाकींना वाचून दाखव. मोठ्याने, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

अमाकी, यंत्र चालू करा. जिथे आहे तिथेच. पलीकडे आता कोणी झोपत नाही, वेलही नाही, त्या हवेने कोणाचं काही बिघडणार नाही. माझ्या आईला तुमचा आवाज हवा होता. यंत्र थांबलं की तिच्या काळजात धस्स व्हायचं. तिने काठीने बडवून ते चालू करायला लावलं होतं. तुम्ही ते बंद ठेवलंय. मग मला इथे बसून कसं कळणार, तिकडे कोण आहे आणि कोण नाही?

माझ्याकडे दुसरा बाप नाही. एवढंच.

मुकद्दस, मी तपासणीच्या पट्ट्यावरून बदली मागितली. आता खोके बांधते. प्रत्येक खोक्यात एक कागद घालायचा असतो, कसं बसवायचं त्याचा. त्यावरही सावलीत असंच छापलंय. मी काही दिवस खाली पेनने लिहीत होते, "सावलीत कोण बसतं ते आधी बघा." फोरमनबाईंनी पाहिलं आणि पेन काढून घेतलं.

झुमरद

•

तिरमिझ, १९ जून १९८७

प्रिय झुमरद,

पत्र वाचून दाखवलं. बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "लाव."

लावलं. आता महिना होत आला. सूज उतरतेय, जेवण जातंय. दाराला पुन्हा गोधडी लावली. बाया पूर्वीसारख्या येत नाहीत, त्यांची त्यांची यंत्रं आहेत.

काल गुरुवार होता. मी चलपक तळले, तुझ्या आईच्या नावाने. तिच्याच ताटात काढले, पण ते कुठे द्यायचे ते कळेना, म्हणून बाबांच्या पुढे ठेवले. त्यांनी एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "ते बंद कर जरा." मी म्हटलं, गरम होईल. ते म्हणाले, "जरा वेळ."

मी बंद केलं. ते उठले, भिंतीला धरत धरत गेले आणि झरोक्याखालच्या पेटाऱ्यावर बसले, कान यंत्राला लावून. खूप दिवसांनी गल्लीचे आवाज आत आले, म्हणजे सगळ्यांच्या यंत्रांचे. त्यांनी मला हाताने गप्प बसायची खूण केली, मी काही बोलत नव्हते तरी. खोली तापायला लागली. त्यांच्या कपाळावरून घाम मानेपर्यंत आला. मी पुसायला गेले तर मान हलवली.

कोणी काठी आपटली नाही.

मग म्हणाले, "लाव." मी लावलं.

तुझी मुकद्दस